एकशे ब्याऐंशी दिवसांचा नियम

"बाई, माझा मुलगा लहानपणापासून वजाबाकीत कच्चा आहे," निवृत्त स्टोअरकीपर खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "तेवढी एक वजाबाकी तुम्ही करून द्या."

करसल्लागार बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. परदेशी नोकरीस असलेल्या त्या मुलाचे आयकर विवरणपत्र गेली सहा वर्षे याच कचेरीतून भरले जात होते. कागद मुलगा परस्पर पाठवी आणि मुखत्यारपत्राच्या आधारे सही वडील करीत. सही करताना त्यांनी कधी आतले पान उलटून पाहिले नव्हते. मुलाचे कागद तपासणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे होय, असे त्यांचे मत होते.

आज मात्र कारण निराळे होते. पत्नीच्या हृदयाची झडप बदलावयाची होती. मार्चच्या दहा तारखेस शस्त्रक्रिया ठरली होती आणि मुलाचे तोंड पाहिल्यावाचून आपण टेबलावर आडवे होणार नाही, असे त्या माउलीने निक्षून सांगितले होते. एप्रिलपर्यंत थांबण्यास डॉक्टर तयार नव्हते.

"मुलगा काय म्हणतो?" बाईंनी विचारले.

"म्हणतो, बाबा, माझे यंदाचे दिवस संपत आले. वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस इथं भरले, की तिकडच्या सगळ्या पगारावर इथला कर बसतो. एप्रिल लागला की येतो म्हणतो."

"नियम खराच आहे, काका."

"नियमाशी माझं भांडण नाही. मोजणीशी आहे."

बाई हसल्या. "परदेशातली मंडळी भारी घाबरट. नियम अर्धा वाचतात आणि झोप पूर्ण घालवतात."

"आईवर गेलाय. तीही गॅस बंद केला का ते बघायला जिन्यावरून तीनदा परत येते."

"बरं, तुमच्या मोजणीनं किती दिवस झाले?"

"ते नाही सांगायचा. मोजणाऱ्याला आकडा आधी सांगितला, की तो नेमका तेवढाच मोजतो. चौतीस वर्षं भांडारात हेच शिकवलं मी."

मनातल्या मनात मात्र तो आकडा पक्का होता. मुलगा गेल्या एप्रिलात आला होता, तो अवघा आठ दिवस. तदनंतर त्याचे पाऊल उंबऱ्यास लागले नव्हते. जुलैपासून तर व्हिडिओवर मुखदर्शनही दुर्मीळ झाले होते. तिकडची जोडणी नीट नाही, असे तो म्हणे आणि पत्नी नुसता आवाज ऐकण्यासाठी फोन कानाशी घट्ट दाबून धरी.

"तुमच्या कचेरीच्या कागदावर चार ओळी लिहून द्या," ते म्हणाले. "माझं नाही पटायचं त्याला, तुमचं पटेल. आजच्या आज तिकीट काढील."

"देते की. पासपोर्टची सगळी पानं त्यानं परवाच मेलवर पाठवलीत. शिक्के मोजते, म्हणजे आकड्यावर कुणी बोट ठेवायला नको."

प्रिंटर घरघरू लागला. तेवढ्यात काकांनी घरी फोन लावला.

"अगं, दवाखान्याची पिशवी भरायला घे. पोरगं येतंय. कागद तयार होतोय."

"अहो, आधी कागद हातात तर पडू द्या," पलीकडून पत्नी म्हणाली. "मग ऐट करा."

तथापि तिच्या आवाजातला आनंद लपला नाही. काकांनी फोन खिशात ठेवला आणि सदऱ्याची बाही उगाचच नीट केली.

बाई पेन्सिलीने एकेका शिक्क्यावर खूण करीत होत्या. मध्येच थांबून त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला. अखेरीस त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, वजाबाकी बरोबर आहे त्याची. दोनच दिवस उरलेत."

"पुन्हा एकदा बघा, बाई."

"दोनदा बघितलं. एप्रिलचे आठ. मग जुलै ते सप्टेंबर, ब्याण्णव. नोव्हेंबरपासून अठरा जानेवारीपर्यंत एकोणऐंशी. येण्याजाण्याचा प्रत्येक शिक्का स्पष्ट आहे."

काकांनी खिशातल्या फोनवर हात ठेवला. बाईंनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, काका. सहा महिने मुलगा आईजवळ राहिला, हल्ली एवढं तरी कुणाच्या नशिबी असतं?"