पायरीवरची बाई

मथुराबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि पहिल्यांदाच एकट्या फिरायला निघाल्या. रत्नागिरीहून एसटीने, मग होडीने त्या एका मोठ्या तळ्यातल्या बेटावरच्या जुन्या गावात पोचल्या.

जांभ्याच्या पाखाड्यांवरून, त्या पायऱ्यापायऱ्यांच्या दगडी वाटांवरून, त्या दिवसभर हिंडल्या. एका अंगणात घावनं खाल्ली. किती वर्षांनी इतकं मोकळं वाटत होतं.

संध्याकाळी परतीची होडी बरीच पुढे आल्यावर धाकू नावाडी म्हणाला, "बाई, तुमची बहीण मागं रायली काय?"

"मी एकटीच आलेय."

त्यांनी वळून पाहिलं. बेटाच्या घाटावर, शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून मथुराबाईच बसल्या होत्या, खळखळून हसत, हात हलवत.

होडीतून त्यांनीही हात हलवला. मग घाटावरची बाई उठली आणि गावात निघून गेली.

"तुम्हाला कुठं जायचं?" धाकूने विचारलं.

मथुराबाईंना काही केल्या आठवेना.