आधी वरचा

गाडी चांगली उंच. एरवी तिच्याखालून कुत्रं डोकं वर ठेवून जायचं. जावई मात्र अर्धा आत गेला आणि पोट मागच्या बंपरला अडकलं. सासूबाईंनी पटकन दुसरीकडे पाहिलं. जावयाच्या पोटाला हसायचं नसतं, एवढं त्यांना कळत होतं.

“मेकॅनिकला बोलवू या का? उगाच हात कशाला काळे करता?”

“नको हो आई. व्हिडिओ पाहिलाय मी, सगळं डोक्यात आहे. मागचं डिफरन्शियल, पुढचं डिफरन्शियल आणि मधली ट्रान्सफर केस. तिन्हींतलं जुनं तेल काढायचं, नवं भरायचं. झालं!”

शेजारी खुर्चीत आबा बसले होते, त्याचे सासरे. गाडी त्यांची. जन्मभर त्यांनीच चालवली, त्यांनीच दुरुस्त केली आणि हे सगळं करताना तोंड अखंड चालू. गाडीखालून नुसते पाय दिसायचे, पण गप्पा गल्लीभर ऐकू यायच्या. मग अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, वाचा तेवढी आली नाही. वाचा शिकवायला येणारी बाई चित्रं दाखवायची. केळं. छत्री. आबा त्या केळ्याकडे असे बघायचे की केळ्यानंच लाजावं. तोंडातून निघायचं ते एकच, “हं.” कधी त्याचा अर्थ हो, कधी नाही, आणि कधी काहीच कळायचं नाही. तेव्हा सासूबाई आत जाऊन तोंड धुऊन यायच्या. काल जाताना बाई दारात हळूच म्हणाली होती, “आता फार आशा धरू नका.”

“गाडीजवळ बसवा त्यांना, जिवाला बरं वाटेल,” असं सांगून मुलगी सकाळी कामावर गेली होती. म्हणून हा सगळा घाट.

मागच्या चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा, तेच डिफरन्शियल. त्याला दोन नट. वरच्यातून तेल भरायचं, खालच्यातून सोडायचं. आता तेल काढायचं म्हणजे खालचा खोलायचा, शेंबड्या पोरालाही कळेल. जावयानं घमेलं आत ढकललं आणि खालच्या नटाला पाना लावला.

“हं,” आबा म्हणाले.

“पाणी हवंय?” सासूबाई वाकल्या.

“हं! हं!” आबांनी काठी आपटली.

“ऊन लागतंय का? खुर्ची सरकवू?”

आबांचा चेहरा लालबुंद झाला होता. गाडीखालून जावई आनंदानं ओरडला, “सुटला! सुटला बघा!” काळ्या तेलाचे पहिले थेंब घमेल्यात पडले.

“गाढवा! आधी वरचा खोल! तो निघाला नाही तर भरशील कुठून, नाकातून?”

“अहो! जावई आहेत ते!” सासूबाई सवयीनं दटावून मोकळ्या झाल्या. आणि मग आपण कोणाला दटावलं ते त्यांच्या लक्षात आलं.

जावई गाडीखाली तसाच पडून राहिला. तेल मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं, त्याचा कुजका वास नाकात बसला होता, आणि त्याला इतका आनंद झाला होता की हसावं की रडावं कळेना. लग्न झाल्यापासून आबा त्याला ‘अहो जावईबापू’शिवाय बोलले नव्हते. चहा गार झाला तरी म्हणायचे, “आपला चहा जरा निवलेला दिसतोय.” आणि आज गाढवा!

“हो आबा,” तो कसाबसा म्हणाला. “आधी वरचा.”

खालचा नट त्यानं पुन्हा आवळला. वरचा पाहिला तर पुरता गंजलेला. पाना दोनदा घसरला.

“पा... पाइप,” आबा म्हणाले. शब्द आता अडखळत होते, पण येत होते. “पान्याला पाइप. हिसका नको. दाब.”

जावयानं पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला आणि दाबला. करकर करत नट हलला.

मागचं काम उरकल्यावर जावयानं हात पुसून बायकोला फोन लावला.

“अगं, आबांनी मला गाढव म्हटलं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, “गाढव म्हणाले, की गाढवा?”

“गाढवा! आणि पुढे अख्खं वाक्य, प्रश्नचिन्हासकट.”

नाक ओढल्याचा आवाज आला. “अजून काय म्हणाले? सगळं सांग ना.”

“नाकाबद्दल काहीतरी होतं. घरी आलीस की त्यांनाच विचार.”

त्यानं फोन खिशात ठेवला. सासूबाई हळूच जवळ आल्या, आबांकडे पाठ केली आणि अगदी कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, अजून दोन राहिलीत ना? तिथेही आधी खालचाच खोला.”

जावई गाडीच्या पुढच्या बाजूनं आत सरकला. पाना खालच्या नटाला लावला आणि थांबला.

आबांनी पान्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. ती आभाळाकडे बघत होती. आबांचे ओठ हलले. शब्द सापडायला वेळ लागला, पण त्यांनी तो शोधून काढलाच.

“नाटकी,” ते म्हणाले. आणि जरा दम घेऊन, “दोघंही.”