तार्मोचा सायलेन्सर

फिनलंडमधल्या सोत्कामोच्या आमच्या नेमबाजी क्लबात रायफलीला सायलेन्सर सगळेच लावतात, पण तार्मोइतका निगुतीने तो कुणी ठेवत नाही. दर रविवारी सराव संपला की तो सायलेन्सर काढतो, काजळी पुसतो, आटे तपासतो आणि शेगडीजवळ वाळत ठेवतो. आणि तार्मो तर ठार बहिरा. समोरच्याचे ओठ पाहून त्याला बोलणं कळतं.

यंदा अंतिम फेरीच्या सकाळी त्याला सायलेन्सरला केसाएवढी चीर दिसली. त्याने रायफल पेटीत ठेवली.

"अहो, सायलेन्सरशिवाय खेळा ना!" इंकेरी म्हणाली. गुणांत तीच त्याच्या मागोमाग होती. "नियमात बसतं. आम्ही कान झाकून घेऊ. तुम्हाला तर काही ऐकूच येत नाही!"

"मला नाही गं येत." तार्मोने पायाशी बसलेल्या कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. "दारावरची थाप, मागून येणारी गाडी, इथली थांबायची शिट्टी, सगळं ही पिल्वी ऐकते आणि मला ढुशी देते. हिचे कान झाकले तर मला कोण सांगणार? माझे मी तरुणपणी असेच बार काढून मस्तीत घालवले. हिचे नाही घालवायचे."

इंकेरीने आपला सायलेन्सर काढून त्याच्या हातात दिला. "आधी तुम्ही खेळा. मग मी."

दुसऱ्याचा सायलेन्सर लावला की नेम थोडा सरकतोच. तार्मो पाचवा आला. पाचवा येऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.