डावं वळण

चुलतभाऊ शर्यतीच्या गाडीतून उतरला, त्याने हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "लांब डाव्या वळणावर इंजिन खोकतंय." दादाने तिथल्या तिथे पाना उचलला.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच वाक्य ती महिनाभर दादाला सांगत होती. गाडी तीच, वळण तेच. तेव्हा दादाचं म्हणणं असं की इंजिन ठणठणीत आहे, वळणावर तूच घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतेस. त्याची तपासणी तरी कसली? गाडी गॅरेजात उभी करायची, इंजिन सुरू करायचं आणि कान लावायचा. उभी गाडी कशाला खोकेल? रोग रेड्याला आणि इलाज पखालीला. वर कालच त्याने उद्याच्या शर्यतीतून तिला काढून या चुलतभावाला बसवलं होतं.

"कार्ब्युरेटरच आहे," दादा चुलतभावाला समजावू लागला. त्याने चहाचा पेला तिरका धरला. गाडी जोरात डावीकडे वळली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल असं उजव्या भिंतीवर चढतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि इंजिन पेट्रोलऐवजी हवा ओढतं. चुलतभाऊ मान डोलावत होता. असाच पेला तिरका करून धाकटीने हे सगळं दादाला दाखवलं होतं. तेव्हा चहा सांडशील म्हणून त्याने पेला तिच्या हातातून काढून घेतला होता.

दादा बॉनेट उघडायला वाकला, तशी तिने त्यावर हात ठेवला.

"आत्ता नाही. आधी तू माझ्या शेजारी बस."

"अगं, दोष सापडला ना? मग आता काय?"

"त्याने सांगितल्यावर सापडला. माझ्या पायाचं काय? तो बघ, मग ठरव उद्या कोण बसणार ते."

चुलतभावाने आपलं हेल्मेट दादापुढे धरलं. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही.

सरळ रस्त्यावर दादा तिला काहीतरी समजावत होता; वळण दिसताच ते त्याच्या तोंडातच राहिलं. तिने गाडी डावीकडे घातली. दोघंही उजवीकडे ओढले गेले, टायर किंचाळले आणि ऐन वळणात इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, मग गप्पच झालं. म्हणूनच तिचं हळू बोलणंही नीट ऐकू आलं.

"पाय बघ."

दादाने खाली पाहिलं. तिचा पाय पेडल तळापर्यंत दाबून बसला होता, जरासुद्धा हलला नव्हता. आणि त्याचा स्वतःचा पाय, जिथे काहीच नव्हतं तिथे, जीव खाऊन ब्रेक दाबत होता.