शंभराच्या आत

तपासनीस बाईंनी मीटर पाहिलं, मागच्या महिन्याचा आकडा वजा केला आणि म्हणाल्या, "शहाण्णव युनिटं. शंभराच्या आत आहात. सवलत मिळायला हरकत नाही."

आजींचा जीव भांड्यात पडला. वीजबिल अर्धं माफ करणारी ही सरकारी सवलत गरीब म्हाताऱ्यांसाठी आणि अपंगांसाठी होती. या घरात म्हातारपण दोघांचं, शिवाय आजोबा आंधळे, आणि गरिबीला तर तोटाच नव्हता. तरी अर्ज पाच महिने टेबलांवरून फिरत होता. बिल निम्मं झालं असतं, तर आजोबांची औषधं महिनाअखेरीस अर्धी करून घ्यावी लागली नसती.

"ते मीटर हळू चालतंय," खुर्चीतून आजोबा म्हणाले.

आजोबांनी एकतीस वर्षं दारोदार फिरून मीटरचे आकडे घेतले होते. तीन वर्षांपूर्वी डोळे गेले, पण खोड काही गेली नाही.

"आतली चकती घासतेय. दर फेऱ्याला कर्र वाजतं, कालपासून मोजतोय. शंभरातले आठ खातंय. खरे एकशे चार झालेत. लिहून घ्या, बाई."

"अहो, गप्प बसा ना! बाई, यांचं वय झालंय हो."

"वय झालंय, कान शाबूत आहेत."

बाईंचं पेन थांबलं. "आजोबा, मीटर बिघडलंय असं लिहिलं तर फाइल तपासणीला जाईल. तिकडून परत आलेली फाइल मी अजून पाहिलेली नाही. आणि खरंच एकशे चार निघाले, तर सवलत विसरा."

"विसरू. याच कारणासाठी मी लोकांची मीटरं उतरवून नेलीत."

"लोकांची नेलीत ना? मग आपलं तेवढं राहू द्या!" आजी कडाडल्या.

बाईंनी अर्जावर नजर फिरवली आणि एकदम ऑफिसातला आवाज लावला. "तुम्हाला कितपत दिसतं?"

"काही नाही."

"उजेड तरी कळतो?"

"तोही नाही."

"मग मीटरमधला दोष पाहिला कुणी?"

"ऐकला!"

"ऐकलेल्या दोषाला अर्जात रकाना नाही." बाईंनी 'पूर्ण अंध'समोर खूण केली, 'मीटरबाबत तक्रार नाही' असं लिहून शिक्का हाणला आणि आजोबांनी पुन्हा तोंड उघडायच्या आत जिना उतरल्या.

आजोबा तासभर फुगून बसले. मग म्हणाले, "सरकारला चालत असेल, मला नाही चालणार. आजपासून पाच युनिटं कमी जाळायची." आणि बोटं दुमडत त्यांनी घरातली एकेक वस्तू मोजली. "कसंही धरलं तरी हिशेबापेक्षा पाच जास्तच. जातात कुठे गं?"

आजी भांडी आवरत राहिल्या.

"अगं, तुला विचारतोय."

"तुमच्या खोलीतला दिवा. रोज संध्याकाळी लावते."

"माझ्या खोलीत? मला काय करायचाय दिवा?"

"तुम्हाला नाही हो. तुम्ही अंधारात एकटे बसलेले मला बघवत नाही."

आजोबांनी कॉलरचं बटण काढलं.

"दिवा असू दे," ते म्हणाले. "पंखा बंद कर."