जोडीचा फोटो

लग्नात फोटोग्राफरचा रोलच वाया गेला होता, आणि आता अमेरिकेच्या व्हिसासाठी नवरा-बायकोचा एकत्र फोटो हवा होता. नवरा शिकागोत, सत्यवती नागपुरात. शेवटी सीताबर्डीच्या स्टुडिओत खुर्चीवर प्रभाकररावांचा फ्रेम केलेला फोटो ठेवला आणि शेजारी शालू नेसून सत्यवती उभी राहिली.

“लग्नाचा फोटो, अन् हार नाही? कसं दिसते वं ते?” म्हणत सासूबाईंनी एक हार सुनेच्या गळ्यात घातला, दुसरा लेकाच्या फ्रेमला.

मुंबईच्या व्हिसा कचेरीतल्या मराठी कारकुनाने तो फोटो पाहिला, मग सत्यवतीचं ठसठशीत कुंकू पाहिलं. चष्मा काढून तो हळूच म्हणाला, “ताई, घरच्यांनी तुम्हाला अजून सांगितलं नाही का?”