चोरपाळ

केवळराम फावडं घेऊन उभा होता, पण हात चालत नव्हता. नजर सारखी चोरपाळीकडे जात होती. चोरपाळ म्हणजे दोन गावांच्या शिवेवरचा पुरुषभर उंच मातीचा बांध, सालेकशाच्या रानापासून थेट नाल्यापर्यंत. कुणी घातला, कधी घातला, देव जाणे. इंग्रज गेले, मालगुजार गेले, पाळ जागची हलली नाही. पलीकडचे चोर, म्हणून आपल्या पूर्वजांनी ती घातली, हे मात्र गावातलं शेंबडं पोरही सांगे.

आणि आज त्याच चोरांच्या गावातून टेकचंद यायचा होता, आपल्या मुलासाठी रुख्माला मागायला. मुलगा शिकलेला, जमीन ओलिताची. नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. हो म्हणावं तर गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. बापाचं हो-नाही ठरेना, म्हणून पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती. केवळराम बसे, उठे, पुन्हा पाळीकडे बघे.

रुख्मा मुकाट्यानं वांग्याच्या वाडीभोवती बांध घालत होती. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. तिचं काम बघून तो खेकसला.

"अवं, खड्डा आतून काऊन खोदून राहिली? डुक्कर ज्या बाजूनं येते त्या बाजूनं खोद. माती आपल्या अंगाले टाक. येवढंही समजत नाही काय?"

रुख्मा थांबली. "मंग बाबा, चोरपाळीचा खड्डा आपल्या बाजूनं काऊन आहे?"

केवळरामनं वळून पाळीकडे पाहिलं. त्या खड्ड्यात त्यानं लहानपणी मासोळ्या धरल्या होत्या. पाळीपलीकडे जमीन सपाट आहे, हेही त्याला ठाऊक होतं. पन्नास वर्षांत डोक्यात उजेड पडला नव्हता. म्हणजे पाळ पलीकडच्यांनी घातली होती; डुक्कर आपल्याच बाजूचं होतं.

तेवढ्यात पाळीवर टेकचंद दिसला. खाली उतरावं की नाही, अशा विचारात तो उभा होता. केवळराम फावडं टाकून सामोरा गेला. रामराम झाला.

"पाव्हणे, खरं सांगा. तुमच्याकडे या पाळीले काय म्हणतेत?"

टेकचंदनं मान खाली घातली. "चोरपाळच. आमची म्हातारी अजून नाईच म्हणून राहिली. चोराची पोरगी घरात नको म्हणते."

केवळरामला लाज वाटली आणि हसूही आलं.

"तिले सांगा, आता चोर तुमी झाले. माही रुख्मा नेऊन राहिले."